नमुन्याचं नाणं

बहिऱ्यानं मोटरसायकलच्या मागची चादरीची वळकटी सोडली आणि आतून एक दांडा काढला. दांड्याच्या एका टोकाला ताटाएवढी काळी चकती, दुसऱ्या टोकाला कोपर अडकवायचा पट्टा, मधे आकडे दाखवणारा बोटभर पडदा. घरची थोरली सून ओट्यावरूनच म्हणाली, "ही कुबडी कोणासाठी?"

"सोन्यासाठी," बहिरा ओरडला.

तो खरा बहिरा नव्हता. दिवसभर कानावर हेडफोन चढवून जमीन ऐकत फिरायचा, त्यामुळे हाक मारली तर ओ द्यायचा नाही; आणि हेडफोन काढल्यावर समोरच्याच्या कानावर हेडफोन आहेत अशा बेतानं ओरडून बोलायचा. आधी रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ गेले, कान तेवढे राहिले.

त्याला बोलवायला कारण म्हातारी. घरातल्या थोरल्या-धाकट्या दोन्ही भावांची आई. थंडी सरता सरता तिच्या डोक्यातल्या गोष्टींची जागा बदलायला लागली. पोराला नवऱ्याच्या नावानं हाक मारायची, जेवण झाल्यावर जेवायला कधी वाढणार म्हणून विचारायची, आणि एक दिवस केस विंचरून घेता घेता धाकट्या सुनेला म्हणाली, "गोठ्यात सोनं पुरलंय मी. कुणाला सांगू नकोस."

धाकटीनं ते नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं भावाला, भावानं बायकोला. कुणाला न सांगायची गोष्ट घरात ह्याच क्रमानं फिरते.

किती पुरलंय, हे विचारलं की म्हातारी कधी गाडगं म्हणायची, कधी पिशवी, कधी नुसतीच बोटं पसरून "एवढं" म्हणायची. कुठे, हे मात्र बदलत नव्हतं. गोठ्यात. गोठा पडून इतकी वर्षं झाली होती की आता तिथे नुसता उंचवटा होता, मागच्या रानाला लागून. त्यात कुजकं शेण, वाकडे खिळे, तुटकी गव्हाण. आणि नेमका त्याच उंचवट्यावरून बांध जायचा होता. कारण भावांनी जमीन वाटून घ्यायचं ठरवलं होतं, पेरणीआधी सपाटीकरण उरकायचं म्हणून ट्रॅक्टरवाल्याला शब्द दिला होता, आणि ट्रॅक्टरवाला येईन म्हणाला की येतो, हीच त्याची खोड.

"एकदा बांध पडला की सोनं एकाचं होईल आणि भांडण दोघांचं," थोरला म्हणाला. "त्याआधी काय असेल ते वर काढू. निम्मं निम्मं."

थोरला बोलायला चोख होता. वाकडा खिळा दिसला तर उचलून, ठोकून, सरळ करून डबीत टाकणारा माणूस. धाकटा बाजारात पंप दुरुस्त करायचा आणि भाऊ बोलला की मान डोलवायचा. मागाहून त्याला समजायचं आपण कशाला हो म्हणालो ते.

पहिल्याच चहाला बहिऱ्यानं सगळ्यांची हवा काढली.

"यंत्र सोनं दाखवत नाही. यंत्र फक्त म्हणतं, इथे काहीतरी आहे. लोखंड असलं की घुरतं. तांबं, चांदी असली की घंटेसारखं वाजतं. सोनं ह्या दोघांच्या मधलं."

"मधलं म्हणजे कसं?" धाकट्यानं विचारलं.

"तीन पोरांतल्या मधल्यासारखं. असतं, पण कुणी लक्ष देत नाही. लोकांना वाटतं सोनं आहे म्हणजे जोरात ओरडणार. ओरडतो तो पत्र्याचा डबा. आणि मधल्या आकड्यात सोनं एकटं बसत नाही, ही खरी पंचाईत. बाटलीची टोपणं बसतात, चमकीचा कागद बसतो, काय काय बसतं."

"मग ओळखायचं कसं?"

"नमुना पाहिजे. तुमच्याच मातीत, तुमच्याच ओलीत एक सोन्याचं नाणं वीतभर खाली पुरायचं. त्याचा आवाज कान भरून ऐकायचा. मग तसा आवाज शोधत फिरायचं. रोज सकाळी यंत्र आधी त्या नमुन्यावर धरायचं, म्हणजे ते भरकटत नाही."

थोरलीनं हात पदराखाली घेतले. "बांगडी नाही ना चालत?"

"बांगडी वेगळी बोलते. साखळी तर तोंडच उघडत नाही. नाणंच हवं."

"अरेरे," थोरली म्हणाली, आणि तिचे हात पुन्हा बाहेर आले.

मग सगळ्यांची तोंडं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. दारात धाकटी गाळणं धुवून निथळत उभी होती.

घरात सोन्याचं नाणं एकच होतं आणि ते तिचं होतं. तिचे वडील शिंपी. लग्नात त्यांनी ते कापडाच्या तिहेरी थैलीत घालून चारी बाजूंनी दुहेरी टीप मारून दिलं होतं. "घट्ट शिवलंय," म्हणाले होते, "उसवायला वेळ लागेल. तेवढ्या वेळात विचार कर, उसवायचं की नाही." त्यांना ते त्यांच्या आईकडून आलेलं, तिला आणखी कुणाकडून. धाकटीच्या डोक्यात त्याचा विनियोग ठरलेला होता. पायानं चालवायच्या जुन्या मशीनवर तिचे गुडघे दुखून यायचे. बाजारात एक मोटरचं मशीन होतं, ते घ्यायचं, पुढच्या खोलीत मांडायचं आणि गावची शिलाई घरात आणायची. पेरणी झाली की जाऊ, असं नवरा म्हणाला होता. नवरा असं बरंच काही म्हणाला होता, पण हे तिनं धरून ठेवलं होतं.

थोरला धाकट्या भावजयीशी कधी थेट बोलत नसे. मधे नेहमी कुणीतरी लागायचं. माणूस नसलं तर भिंतही चालायची. आता तो धाकट्याकडे बघून म्हणाला, "तिला सांग, पुरायचं म्हणजे हरवायचं नाही. जमीन आपलीच आहे, कुठे पळून जातेय?"

"जमीन आपलीच आहे," धाकट्यानं बायकोला सांगितलं.

"ऐकलं मी."

तिनं सगळ्यांसमोर बसून ब्लेडनं टीप उसवली. वेळ लागला, तिनं विचारही केला, पण पाच माणसं समोर बसून बघत असली की विचार सरळ चालत नाही. नाणं बाहेर आलं ते बोटाच्या पेराएवढं. एका बाजूला घासून गेलेलं डोकं होतं की फूल, दुसरी बाजू गुळगुळीत. थोरल्यानं ते तळहातावर उडवून वजन घेतलं. थोरली म्हणाली, "एवढंसंच?" आणि पुढे सरकवलं. धाकटी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत बसली.

उंचवट्याच्या कडेला बहिऱ्यानं खुरप्यानं खड्डा केला, नाणं आडवं ठेवलं, माती दाबली, वर शेळी बांधायची एक खुंटी ठोकली. मग हेडफोनची वायर काढली, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून, आणि चकती जमिनीलगत हलवली.

टूं.

मऊ, भरीव आवाज. डावीकडून आणला तरी टूं, उजवीकडून आणला तरी तसाच टूं. बहिरा काटकोनात फिरून उभा राहिला, पुन्हा टूं. चकती हातभर वर उचलली; आवाज दमला, पण तुटला नाही.

"हे बघा," तो ओरडला, "नाणं चारी बाजूंनी एकच बोलतं. कागद असला की एकीकडून गातो आणि दुसरीकडून खोकतो. आकडाही बघून ठेवा. कागदाचा उड्या मारतो. नाण्याचा जागच्या जागी डुलतो."

सगळे पडद्यावर वाकले. चार डोकी एकमेकांना लागली. आकडा पन्नाशीत कुठेतरी डुलत होता. धाकटी मागे म्हातारीचा हात धरून उभी होती. तिला आकडा दिसला नाही, आवाज तेवढा ऐकू आला.

"आत कोण रडतंय?" म्हातारीनं विचारलं.

काम सुरू झालं. बहिरा पुढे चकती हलवत जायचा, मधला आवाज आला की बोट दाखवायचा, थोरली तिथे खुंटी रोवायची. मागून दोघे भाऊ कुदळ आणि पहार घेऊन यायचे. जमीन वरून भाकरीच्या पापुद्र्यासारखी आणि खाली दगडासारखी होती. पहार मारली की खणकन उसळून खांद्यात यायची. उन्हानं मानेची कातडी ओढली जायची. धाकट्याचे हात पंपाच्या ग्रीसला सरावलेले, कुदळीला नाही. दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले आणि संध्याकाळपर्यंत फुटले. थोरला त्याच्याकडे बघून म्हणाला, "वाटणीनंतर तुझं शेत कोण करणार आहे? पंप?"

धाकटीकडे चाळणी होती. निघालेली माती ती चाळायची. पाय मुडपून बसल्यानं मुंग्या यायच्या, नाकात शेणाची धूळ, दातांखाली कचकच. चाळणीत यायचे खिळे, कड्या, बैलाच्या नालाचे तुकडे. ते थोरला उचलून डबीत टाकायचा. आणि मधल्या आवाजाच्या खड्ड्यांतून निघायचा चमकीचा कागद. गोळ्यांच्या पाकिटाचा. दाबून रिकामा केलेला, चुरगळलेला, कधी घडी घातलेला.

"हे इथे इतकं कसं?" बहिऱ्यानं विचारलं.

भावांनी एकमेकांकडे बघितलं. वडील. शेवटची कितीतरी वर्षं ते गोठ्यातच खाट टाकून झोपायचे. छातीची गोळी, पोटाची गोळी, गोळीमुळे होणाऱ्या जळजळीची गोळी. गिळायची आणि कागद शेणात टाकायचा. माणूस जाऊन किती दिवस झाले, पण त्याचे कागद मातीखालून सोन्याच्या आवाजात बोलत होते.

"बाबा जिवंतपणीही असंच करायचे," थोरली म्हणाली. "हाक मारायचे, धावत जावं तर काही नाही."

"तू गप," थोरला म्हणाला. पण हसला.

बहिरा सकाळी नमुन्यावर चकती धरायचा, ते टूं कानात भरून घ्यायचा आणि मग जायचा. धाकटी तेवढ्यापुरती चाळणी ठेवून जवळ येऊन उभी राहायची. टूं ऐकलं की परत जाऊन बसायची. कामावर जायच्या आधी लोक गोठ्यात वासराकडे डोकावतात, तसं.

मग एक दिवस म्हातारीला खोकला लागला म्हणून ती तिला घेऊन दवाखान्यात गेली. रांग होती. परतेपर्यंत ऊन उतरलं होतं. म्हातारीला ओट्यावर टेकवून ती मागे गेली, तर उंचवटा सारवल्यासारखा सपाट. सगळे खड्डे बुजवलेले, वरून दाताळं फिरवलेलं. थोरला हौदापाशी हात धूत होता आणि त्याच्या शेजारी टोपलीत खुंट्या होत्या, धुऊन, एका मापानं रचलेल्या.

तिनं टोपलीतल्या खुंट्या एक एक उलटून बघितल्या.

"दादा, माझी खुंटी?"

थोरला दचकला. ती त्याच्याशी थेट बोलली होती. त्यानं मान वळवून बायकोला सांगितलं, "तिला म्हणावं, खुंट्या सगळ्या टोपलीत आहेत. एक कमी नाही."

"माझ्या नाण्यावरची कुठली?"

आता थोरल्याचे हात थांबले. त्याचा ओला तळवा हळूहळू टोपलीवर गेला, जणू खुंट्या स्वतःच सांगतील. "खड्डा बुजला की खुंटी काढायची," तो बायकोलाच म्हणाला, "मी सगळ्या काढल्या. बाहेर राहिल्या असत्या तर कुणी नेल्या असत्या. खुंट्या काय झाडाला लागतात?"

"झाडालाच लागतात, अहो," थोरली म्हणाली.

धाकटा पुढे झाला. "काही नाही, जागा मला माहीत आहे. इथे." त्यानं टाच रोवली. थोरलीनं मान हलवली आणि सहा पावलं पलीकडे जाऊन उभी राहिली. "इथे होती. माझ्या पायाला लागली होती एकदा." थोरला दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला, तंटा मिटवायची त्याची पद्धत तीच होती.

बहिऱ्यानं हेडफोन चढवले आणि चकती फिरवली. एक फेरी, दुसरी फेरी. मग हेडफोन काढून तो प्रथमच हळू आवाजात बोलला. "काल इथे एवढं काही वाजत नव्हतं. खड्ड्यांतून काढलेले कागद कुठे टाकले?"

थोरला टोपलीतल्या खुंट्या पुन्हा मोजायला लागला.

"कुठे टाकले?"

"खड्डे बुजवायला माती कमी पडत होती," थोरला म्हणाला.

बहिऱ्यानं कपाळाला हात लावला. "काढलेलं पुन्हा पेरलंत?"

त्या संध्याकाळी भाकरी कुणाच्या घशाखाली नीट उतरली नाही, म्हातारी सोडून. ती दोनदा जेवली. थोरल्यानं भिंतीला सांगितलं की बघायला पाहिजे होतं कुणीतरी, ज्याची वस्तू त्यानं जपावी. धाकटी भांडी घासत होती. ती राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "मी तुमच्या आईला डॉक्टरकडे नेलं होतं," आणि भिंतीला त्यावर काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शोध कशाचा चाललाय हेच कुणाला कळेना. बहिरा म्हातारीचं सोनं शोधत होता, धाकटी आपलं, थोरला दोन्ही शोधत होता आणि धाकटा खणत होता. नमुना हरवल्यामुळे यंत्र सकाळी कशावर धरायचं हा प्रश्न होता. "आठवणीवर धरतो," बहिरा म्हणाला, आणि डोळे मिटून टूं आठवत उभा राहिला. इकडे जमीन भरभरून गात होती. एकीकडून गाऊन दुसरीकडून खोकणारा कागद दुहेरी घडीचा निघाला की दोन्हीकडून गायचा, आणि बाजूला खिळा असला की खरं सोनंसुद्धा घुरेल, असं बहिराच म्हणायला लागला. "म्हणजे घुरलं तरी खणायचं?" धाकट्यानं फुटक्या तळव्यांकडे बघत विचारलं. "आता सगळंच खणायचं," बहिरा म्हणाला.

पहिलं नाणं सापडलं ते तिघांनी दाखवलेल्या तिन्ही जागा सोडून, गोठ्याचं दार होतं तिथे. आवाज साधाच होता, बहिरा पुढेही गेला होता, पण थोरल्यानं हट्टानं पहार मारली. मातीचा गड्डा धाकटीच्या चाळणीत आला, फुटला, आणि खालून पिवळा कण दिसला.

ती ओरडली नाही. तिनं ते उचललं, पदराला पुसलं आणि मुठीत घेतलं. "मिळालं माझं."

"थांब," थोरला म्हणाला. ह्या वेळी मधे कुणी नव्हतं. "तुझं कशावरून? आईचं पहिलं नाणं निघालं असेल हे."

"माझं इथेच कुठेतरी होतं."

"इथे नव्हतं. तिकडे होतं. आम्ही तिघं सांगतोय."

तिघांनी तीन जागा सांगितल्या होत्या, पण इथे नव्हतं ह्यावर तिघांचं एकमत होतं. बहिरा म्हणाला, कुदळीनं माती इकडची तिकडे होते, नाणंही जाऊ शकतं. नाही असंही नाही. धाकट्यानं दोन्ही वेळा मान डोलवली. शेवटी नाणं ओट्यावर, पाण्याच्या तांब्याखाली ठेवायचं ठरलं, आणि सगळे त्या तांब्याकडे एक एक नजर टाकत परत कामाला लागले. तहान लागली तरी कुणी तो उचलेना.

दुसरं सापडलं त्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. तुटक्या गव्हाणीचा दगड पहारीनं बाजूला लोटला आणि बहिऱ्यानं त्या ओल्या खळग्यावर चकती नेली. टूं. डावीकडून टूं, उजवीकडून टूं. तो काटकोनात फिरला. टूं. त्यानं वायर काढली आणि सगळ्यांना ऐकवलं, आणि कुदळीऐवजी गुडघ्यावर बसून बोटांनी माती काढली.

बोटाच्या पेराएवढं. एका बाजूला घासलेलं डोकं की फूल, दुसरी बाजू गुळगुळीत.

तांब्याखालचं आणून शेजारी ठेवलं. दोन्ही पुसली. सोन्याला ना गंज चढतो ना डाग. वर्षानुवर्षं मातीत राहिलेलं आणि परवा पुरलेलं, दोन्ही सारखीच लख्ख. धाकटी वाकून बघत राहिली. तिनं आपलं नाणं जन्मात दोनदा बघितलं होतं, एकदा थैलीत जाताना, एकदा बाहेर येताना. परवा ते पाच हातांतून फिरलं होतं, पण नीट कुणीच बघितलं नव्हतं. सगळे आकडा बघत होते.

उंचवटा संपला होता. पलीकडच्या वाटेवर ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला होता.

"चला, बरं झालं," थोरला म्हणाला. आवाजात खरोखरच समाधान होतं. "दोन निघाली. एक तुमच्या घरात, एक आमच्या. निम्मं निम्मं, बोललो होतो तसं."

"बरोबर आहे की," धाकटा म्हणाला.

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. मग हात झटकून उभी राहिली. "समजा, तुम्ही दोघे भाऊ तळ्यावर मासे धरायला गेलात. तुम्ही घरून एक मासा नेला होता, गळाला लावायला."

"मासा कशाला नेईन? गांडूळ नेईन."

"मासा नेलात समजा! तिथे एक मासा मिळाला. आता टोपलीत दोन. दादा म्हणाले एक तुला, एक मला. तुम्हाला काय मिळालं?"

धाकट्यानं विचार केला. "एक मासा."

"आणि जाताना किती होते?"

नवऱ्यानं बोटं मोजली. ट्रॅक्टर आणखी जवळ आला. मग धाकट्याचं तोंड हळूहळू उघडलं. "दादा," तो म्हणाला, "हे बरोबर नाही."

थोरल्यानं नाक पुसलं. तो लबाड नव्हता. एक आणि एक दोन, त्याचे निम्मे एक, हे त्याच्या मनात इतकं सरळ बसलं होतं, की आत गेलेलं एक त्याला खरंच दिसलं नव्हतं. दिसल्यावर त्याला राग आला. "ठीक आहे. तिचं तिला. पण आधी तिनं ओळख पटवावी. दोन्हींतलं तिचं कुठलं?"

"कुठलंही द्या. सारखीच आहेत."

"कुठलंही कसं? एक आईचं आहे. ते बाहेर जाता कामा नये. कमी-जास्त असेल वजन."

मग बहिऱ्याला सांगितलं, आकडा लाव. बहिऱ्यानं दोन्ही नाणी वीतभर खाली पुरली, शेजारी शेजारी, वर खुंट्या ठोकल्या, आणि ह्या वेळी खुंट्यांच्या पहाऱ्याला दोघींना उभं केलं, एकीवर थोरली, एकीवर धाकटी. एकावर आकडा बावन्न-त्रेपन्नात डुलला, दुसऱ्यावर छप्पनात.

"नमुन्याचा किती होता?" त्यानं विचारलं.

"छप्पन," थोरला म्हणाला.

"बावन्न," थोरली म्हणाली.

"मला चोपन्न आठवतो," धाकटा म्हणाला.

"तुम्हाला?" धाकटीनं बहिऱ्याला विचारलं.

बहिऱ्यानं मान खाली घातली. "मी आकडा बघत नाही. मी आवाज ऐकतो. आणि आता माती उकरून मोकळी झालीये, ओलही बदलली. तोच नमुना त्याच खड्ड्यात घातला तरी तेव्हाचा आकडा येईलच असं नाही."

"मग एवढे दिवस काय केलं आपण?" थोरल्यानं विचारलं.

ट्रॅक्टरवाला रानाच्या तोंडाशी येऊन थांबला होता आणि इंजिन चालू ठेवून ह्यांच्याकडे बघत होता.

"पुन्हा वाजवा," धाकटी म्हणाली. "दोन्ही. आकडा नको."

बहिऱ्यानं वाजवलं. तिनं डोळे मिटले. पहिला टूं. दुसरा टूं. एक जरा आखूड वाटला, की वाऱ्यामुळे वाटला. पुन्हा वाजवा म्हणावं असं तिला वाटलं, आणि पुन्हा वाजवलं तर आणखी काही तरी वाटेल हेही वाटलं. तिनं डोळे उघडले.

"हे," ती म्हणाली, आणि आपल्या पायाशी असलेल्या खुंटीकडे बोट केलं.

"नक्की?"

"नक्की." आवाज इतका ठाम होता की थोरलीनंसुद्धा मान हलवली. नाणं निघालं, तिनं ते मुठीत घेतलं. तिला काहीही नक्की नव्हतं.

राहिलेल्याचे दोन तुकडे करायचे असं ठरलं. सोनाराकडे जाऊन, दोन्ही भावांसमोर. पण आधी आईच्या हातात द्यावं, तिचं आहे, एकदा बघू दे, असं थोरल्याला वाटलं. वाटणीआधी असं काहीतरी करावं लागतं. म्हातारी ओट्यावर ऊन खात बसली होती. त्यानं नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. "आई, हे बघ. सापडलं तुझं."

म्हातारीनं ते अंगठ्यानं चाचपलं. पालथं केलं, पुन्हा चाचपलं. मग तिनं मान वर केली आणि धाकट्या सुनेला शोधलं.

"एकच होतं," ती म्हणाली. "माझ्या बापानं दिलेलं. लग्न होऊन इकडे आले की ह्यांनी विकलं असतं, म्हणून गव्हाणीखाली घातलं." तिनं आवाज खाली आणला. "ह्यांना सांगू नकोस."

"नाही सांगत, आई," धाकटी म्हणाली.

"आई, ते दे इकडे," थोरला म्हणाला. "आता त्याचं आम्ही..."

म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं. कोण दिसलं तिला, पोरगा की त्याचा बाप, कुणास ठाऊक. तिनं नाणं तोंडात टाकलं आणि ओठ मिटले.

एका गालाचा फुगवटा झाला, तो दुसऱ्या गालात गेला, तिथे स्थिरावला.

"गिळेल ती!" थोरली ओरडली.

"आई, तोंड उघड." थोरला तिच्यापुढे उकिडवा बसला. त्यानं हनुवटीला हात लावला, तशी ती मान फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. तो वळून धाकटीला म्हणाला, सरळ तिलाच, "तू सांग तिला. तुझं ऐकते ती."

"तुमची आई आहे, दादा. तुम्हीच सांगा."

बहिरा एव्हाना यंत्र चादरीत गुंडाळत होता. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. "सुरू करू का? मला आणखी दोन ठिकाणी जायचंय!"

थोरल्यानं उंचवट्याकडे बघितलं, ट्रॅक्टरकडे बघितलं, आईच्या गालाकडे बघितलं. गाडगं म्हणाली होती. पिशवी म्हणाली होती. आता एकच म्हणते. "आई, एवढं तरी सांग," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "आणखी आहे का खाली?"

म्हातारीनं मान हलवली. होकारासाठी हलते तशी खालीवर, की नकारासाठी हलते तशी आडवी. म्हातारपणानं तिची मान तशीही कायम थरथरत होती.

"हो म्हणाली," थोरला उठला. "थांबव रे ट्रॅक्टर!"

"नाही म्हणाली," धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या उलट. "चालू दे!"

ट्रॅक्टरवाल्यानं गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला. दोघे भाऊ हात वर करून रानाकडे धावले, एकाचा हात थांब म्हणत होता, दुसऱ्याचा चल म्हणत होता. थोरली म्हातारीसमोर वाटी धरून बसली, त्यात ती केव्हातरी थुंकेल ह्या आशेनं.

धाकटीनं हौदावर हातपाय धुतले, एकाच हातानं. दुसरी मूठ तिनं उघडली नाही. केसांवरची माती झटकली, पायात चप्पल सरकवली आणि बाजाराच्या वाटेला लागली. नाणं तिच्या बापाचं होतं की म्हातारीच्या बापाचं, हे शिलाई मशीनवाला विचारणार नव्हता.